भिंतीचा कान

सासरी तिला भिंत म्हणत. विनोद सासूचा. भिंतीलाही कान असतात, आमच्या भिंतीला तेवढेही नाहीत, असं ती लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शेजारणीला म्हणाली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. लग्नाआधी नऊ वर्षं ती पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होती. दिवसाला चार हजार झाकणं, दर झाकणाला एक दणका. त्या दणक्यांनी कान खाल्ले. समोर तोंड करून कुणी सावकाश बोललं, तर ओठांवरून तिला सगळं समजायचं. सासूला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून सुनेविषयी काही बोलायचं असलं की ती फक्त पाठ फिरवायची.

आता ती घरीच शर्टांच्या कॉलरी शिवत असे. मशीन पुढच्या खोलीत, खिडकीशी. एकदा कापडाच्या गठ्ठ्यात मांजरीचं पिल्लू निघालं. चिंध्यांत सापडलं म्हणून चिंधी. चार वर्षं ती मशीनखाली, पायंडलाशेजारी झोपत आली.

मग मुलगी झाली. आतल्या खोलीत पाळणा लागला. चिंधीनं पहिल्या दिवशी बाळाचं डोकं हुंगलं, फिसकारली आणि दोन दिवस कपाटावरून खाली उतरली नाही. बाळ रडलं की शेपूट फुगवून पळ काढायची. पण आठवड्याभरात तिनं स्वतःपुरता शोध लावला. बाळ रडायला लागलं की ती मशीनपाशी यायची आणि बाईच्या पोटरीत नखं रुतवायची. पहिल्यांदा बाईनं तिला हाकललं. दुसऱ्यांदा वैतागून मागोमाग गेली, तर पाळण्यात पोर रडून लाल झालेली. त्यानंतर पोटरीला नख लागलं की ती कात्री टाकून धावायची. पोटरीवर ओरखडे उमटले, पण पोर एकदाही उपाशी रडत राहिली नाही.

तिनं हे नवऱ्याला सांगितलं. तो बस आगारात मिस्त्री होता, चांगला माणूस, पण आईपुढे मेणाचा. तो हसला. मांजरीला कटकट सोसत नसेल, म्हणाला. तेही खरंच असावं. तिला त्याचं काय? काम होत होतं.

पोर दोन महिन्यांची झाली तेव्हा सासूला चिंधी पाळण्यात सापडली. उबेसाठी चढलेली, बाळाच्या गळ्याशी मुटकुळं करून झोपलेली. सासूनं मानगूट धरून तिला दारावर आपटलं. सून धावत आली. भीती खोटी नाही, हे तिलाही पटलं. पाळण्यावर जाळी बांधते, दुपारी डोळ्यांत तेल घालून बघते, पण मांजर राहू द्या, असं तिनं हात जोडून सांगितलं. सासूनं या वेळी पाठ फिरवली नाही. उलट तोंड जवळ आणून एकेक शब्द नीट दाखवला.

"मांजरीला ऐकू येतं. मग आई कोण, ती की तू?"

चार दिवसांनी ती शिवलेल्या कॉलरी पोचवायला शर्टांच्या कारखान्यात गेली. परतली तर मशीनखाली नुसती चिंध्यांची गादी. नवरा बूट काढत होता आणि त्याच्या मनगटावर ताजे ओरबाडे होते.

"गेली असेल कुठं तरी. मांजरच ती," तो बुटांकडे बघत म्हणाला. ओरबाड्यांना हळद तिनंच लावली.

मग तिनं सुतळी आणली. एक टोक बाळाच्या पायातल्या मोज्यावर सैल बांधलं, दुसरं दारातून आणून स्वतःच्या मनगटाला. रडताना पोर पाय झाडायची आणि मनगटाला हिसका बसायचा. चिंधीच्या नखाइतका पक्का नव्हता, पण कळायचं. बारा दिवस निभावलं.

तेराव्या दिवशी दुपारी मनगट शांत होतं. तिला वाटलं, आज गाढ झोपलीय. तिनं सहा कॉलरी उरकल्या, सातवी घेतली. मान अवघडली म्हणून वळून बघितलं, तर दारात सासू आणि शेजारीण. दोघी कधीपासून उभ्या होत्या कुणास ठाऊक. सासूच्या हातात नवऱ्याचं घड्याळ होतं. शेजारीण एकदा आत निघाली होती, तर सासूनं तिचा दंड धरून ठेवला होता. हे शेजारणीनंच पुढं कधीतरी मान खाली घालून सांगितलं.

"चाळीस मिनिटं," सासू म्हणाली. "आता तूच सांग बाई, हिच्या हवाली पोर ठेवायची?"

आत पोरीचा आवाज बसला होता, ओठ काळेनिळे झाले होते. तोंड उघडत होतं आणि त्यातून काही येत नव्हतं, हे आईला नुसतं बघूनही कळलं. तिनं उचलून तिला छातीशी धरलं. मोज्यावर सुतळी नव्हती. ते टोक पाळण्याच्या पायाला होतं, दोन गाठी मारून. तिची गाठ नेहमी एकच असायची.

ती रात्रीपर्यंत थांबली नाही, नवरा आल्या आल्या तिनं त्याला गाठी दाखवल्या. त्यानं गाठी बघितल्या. मग आईकडे बघितलं. मग म्हणाला, "सुटली असेल, कुणीतरी बांधली असेल. त्यात काय?"

त्याच आठवड्यात नणंद आली. तिला मूल नव्हतं आणि दुसऱ्या गावी मोठं घर होतं. पोर जाणती होईपर्यंतच नेते, असं ठरलं. कुणी ठरवलं, ते बोलणं सुनेच्या पाठीमागं झालं. पाळणा नवऱ्यानंच जिन्यावरून खाली नेला. ती मोजे, दुपटी, दुधाची बाटली एका पिशवीत भरून मागोमाग गेली. पिशवी नणंदेनं घेतली. दार लागलं, गाडी सुटली. तिचं दूध आटायला तीन आठवडे लागले. तोवर ती ओल्या पदरानंच कॉलरी शिवत होती.

पोर पाच वर्षांची असताना नणंद तिला घेऊन दोन दिवस राहायला आली. पोर तिला मामी म्हणाली. तसंच शिकवलं होतं. गॅलरीत कुणाचंसं मांजर आलं, तशी पोर किंचाळून मामीच्याच मांडीवर चढली. मग श्वास खाली बसल्यावर तिनं आपली गोष्ट सांगितली. समोर बसून, हातवारे करून, अगदी नीट. मामीला एकही शब्द चुकला नाही.

"मी बाळ होते ना, तेव्हा एका मांजरीनं मला मारायला धरलं होतं. घरात एक बाई होती, पण ती नुसती बसून राहिली."

"मग?" मामीनं विचारलं.

"मग आईनं मला नेलं."

तिनं पोरीच्या फ्रॉकची सुटलेली कॉलर बघितली, सुईत दोरा ओवला आणि अंगावरच चार टाके घातले. पोर हलली नाही. टाके झाल्यावर उतरून आईकडे पळाली.