सेन्सेईंची गोष्ट आणि माझं डोकं

क्योतोतल्या आमच्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कितीतरी वर्षं शिकत आले, पण विद्यापीठाच्या जाडजूड इतिहासात त्यांचा एक फोटो सापडेल तर शपथ! म्हणून अमेरिकेहून पीएचडीला आलेली माझी कृष्णवर्णीय मैत्रीण त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करत सुटली होती. मी पुण्याचा, ध्वनिशास्त्राचा विद्यार्थी. माईक धरायला आयताच सापडलो.

तिला सगळ्यात जास्त हवे होते ते घानाहून फार पूर्वी आलेले निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सेन्सेई, म्हणजे जपानीत गुरुजी, म्हणत. तरुणपणी इथल्या न्हाव्यांना त्यांचे कुरळे केस कापता येईनात, म्हणून ते स्वतःच शिकले. तेव्हापासून प्रत्येक कृष्णवर्णीय पोराची हजामत, जेवण आणि कानउघाडणी त्यांच्या स्वयंपाकघरात. इथे मोठा भूकंप झाला तेव्हापासून घानातली लेक ‘बाबा, परत या’ म्हणून मागे लागली होती. आता परवाचं विमान होतं.

आणि सेन्सेई बोलेनात! हातात कुणाचं डोकं असल्याशिवाय त्यांना तोंडच फुटत नसे. पोरं तर आधीच निरोपाची हजामत करून गेलेली. मैत्रीण रडवेली झाली. मग तिची नजर माझ्या झुलपांवर स्थिरावली.

‘मशीन नको, आवाज येतो. कात्रीने कापा,’ मी म्हणालो. त्यात शनिवार. आईला कळतं तर संपलोच असतो.

सरळ केस सेन्सेईंनी कधी कापले नव्हते. डावी बाजू जास्त गेली म्हणून उजवी, उजवी गेली म्हणून डावी. पण गोष्ट काय रंगली! तिघांत मिळून एक ओव्हरकोट, नदीकाठी वाजवलेले ढोल, तक्रार आली म्हणून आलेले आणि ठेका धरून गेलेले पोलीस. ऐन लग्नाच्या गोष्टीत कात्री थांबली.

‘केस संपले,’ सेन्सेई म्हणाले आणि त्यांनी कात्री ठेवून दिली.

मैत्रिणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच केसांत कंजुषी केली.

‘आमच्याकडे यानंतर तेलाने चंपी करतात,’ मी घाईने म्हणालो. घरात तेल निघालं ते भाजलेल्या तिळाचं. माझ्या डोक्याला पुढे दोन दिवस फोडणीचा वास येत होता. पण चंपी सुरू झाली, लग्न लागलं, मुलगी झाली, बायको गेली, सगळं रेकॉर्ड झालं. शेवटी ते म्हणाले, ‘आता या पोरांचे केस कोण कापणार?’ हात माझ्या डोक्यावर तसाच राहिला.

विमान गेलं त्या संध्याकाळी आईने व्हिडिओवर माझं भादरलेलं डोकं पाहिलं आणि किंचाळली, ‘मेल्या, बाबा इथे चहा पितायत तुझे! कोण गेलं?’

‘कोणी नाही गं, सेन्सेई त्यांच्या घरी गेले,’ म्हणालो आणि मला रडूच फुटलं.

बाबांनी कप खाली ठेवला, पडद्याजवळ आले आणि म्हणाले, ‘रडू नकोस. मी आहे रे अजून.’