सालीचा अर्क

आमच्या आत्याला कुणी देवमाणूस म्हणालं की मला हसू येतं. देवमाणसं समजूत घालतात. आत्या एकदा नाही म्हणाली की डोकं आपटून घ्या, तुमचंच फुटेल. लग्नालाही ती अशीच नाही म्हणाली आणि आजोबा बसले हात चोळत.

औषधांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत ती मदतनीस आहे. डाळिंबाच्या साली वाळवायच्या, दळायच्या, त्यांचा अर्क काढायचा आणि उंदरांना पाजायचा. मग तिथले डॉक्टर उंदराच्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी बारीक चिमट्यानं बंद करतात आणि थोड्या वेळानं सोडतात.

"रक्त थांबतं तेव्हा नुकसान होतंच," आत्या सांगायची, "पण ते धावत परत येतं ना, तेव्हाही होतं. उपाशी माणसापुढं एकदम भरलं ताट ठेवल्यासारखं." अर्क प्यायलेल्या उंदरांच्या किडन्या बऱ्याच शाबूत राहायच्या. हे सांगताना ती अशी खुलायची, जणू ते उंदीर तिच्याच पोटचे.

मग माझ्या बाबांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगवटा आला. ऑपरेशनमध्ये ती काही वेळ चिमट्यानं बंद ठेवावी लागली, त्यात किडन्यांचं रक्तही थांबलं. बाबा वाचले, पण किडन्या रुसल्या. लघवीची पिशवी कोरडी, पाय सुजलेले, डायलिसिस सुरू.

काका म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. तोंडानं फटकळ आणि मनानं भित्रा. त्यानं आत्याला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं.

"ताई, तुमच्याकडचा अर्क आण. एक बाटली बस."

"नाही."

"उंदराला पाजतेस आणि सख्ख्या भावाला नाही?"

"उंदराला चिमट्याच्या आधी पाजते. याचा चिमटा कधीच निघाला. आता दिला तर काय होईल, आम्ही बघितलेलं नाही. शिवाय त्यात पोटॅशियम असतं आणि याच्या अंगातून ते बाहेर पडत नाहीये. हृदय बंद पडू शकतं."

"पडू शकतं म्हणजे? तुला तरी कुठं नक्की माहीत आहे?"

"नाही ना माहीत. म्हणूनच देत नाही."

झालं. काकानं नातेवाइकांत डांगोरा पिटला की बहीण भावाच्या जिवावर उठली आहे. माझी आईसुद्धा त्याच्या बाजूनं झाली. तिला तरी काय बोलणार? नवरा डोळ्यांदेखत सुकत होता.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच साली उकळून घट्ट काढा थर्मासमधून घेऊन आला. आत्यानं दारातच थर्मास काढून घेतला, बेसिनमध्ये ओतला, नीट विसळला आणि परत त्याच्या हातात दिला.

"भांडं चांगलं आहे. उद्या यातून मला चहा आण."

काकानं थर्मास काखेत मारला. "यापुढं आपल्या घराची पायरी चढायची नाहीस."

"नाही चढत. पण ही खुर्चीही सोडत नाही." आणि कामावर रजा टाकून ती बाबांच्या उशाशी ठाण मांडून बसली.

काकाला तोंड देणं सोपं होतं. अवघड झालं ते बाबांनी स्वतः मागितलं तेव्हा. "ताई, दे ना गं. मेलो तर मेलो. काहीतरी केलं असं तरी होईल."

आत्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तिला असं मी कधी बघितलं नव्हतं. "माझा त्या सालीवर विश्वास नाही असं वाटतं तुला? आयुष्य घातलंय मी त्यात. पण म्हणून तुझ्यावर करून बघू? तू माझा उंदीर नाहीस, धाकट्या."

बाबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर ते तिच्याशी बोलेनात. ती मात्र रोज पाय चेपायची, पिशवी बघायची.

किडन्या हळूहळू चालू झाल्या. डायलिसिस सुटलं, पण पूर्वीची ताकद काही आली नाही. डॉक्टर म्हणाले, आता जन्मभर जपायचं. बाबांना घरी आणलं, तेव्हा माणसं जमली होती. घर दोघा भावांचं. काका खुर्चीत बसून सगळ्यांना सांगत होता, "अर्क दिला असता तर आज ठणठणीत असता."

आत्या औषधांची पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. बाबांनी तिच्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्याशी पहिल्यांदा बोलले.

"ताई, खरं सांग. दिला असतास तर झालो असतो पूर्ण बरा?"

'नसता झालास' एवढं म्हणाली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण की गं बाई, एकदा म्हणून टाक.

"माहीत नाही," आत्या म्हणाली. "झालाही असतास."

"ऐकलंस?" काकाला हवं तेच मिळालं.

"ऐकलं," बाबा म्हणाले. "आजारी पडल्यापासून जो तो येऊन मला खात्री देतोय. माझ्याशी खोटं बोलली नाही ती ही एकटीच. ताई, आत ये. घर माझंही आहे."

आत्या आत आली, काकाच्या खुर्चीपाशी उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "सरक."