लाभ, एक, दोन

मी पायऱ्या मोजून चढणारा माणूस आहे. आमच्या केडगावच्या घराला अकरा पायऱ्या आहेत. त्या रोज अकराच भरतात, तरी मी मोजतो. बायको हसते. या सवयीचा मास्तरकीत फायदाच झाला, असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण एकदा ही सवय असूनही माझं डोकं चाललं नाही, आणि त्यापायी एका लहान मुलीचं एक वर्ष फुकट गेलं. दुसरंही जाणार होतं.

एकोणसत्तरच्या जूनमध्ये मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका लहान गावी प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो. शाळा दोनशिक्षकी. तिसरी-चौथी मुख्याध्यापकांकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. लांबलचक एकच खोली होती; मध्ये फळा आडवा उभा करून तिच्या दोन केलेल्या. पलीकडे कविता सुरू झाली की अलीकडे मला ओरडून शिकवावं लागे.

बेरीज शिकवायला सरकारी साहित्य म्हणून काही नव्हतं. मुलं ओढ्यातून खडे आणत. चिंचेखालून चिंचोके वेचून आणत. प्रत्येकाची एक फडक्याची पुरचुंडी असे, आणि बेरजेच्या तासाला वीस-पंचवीस पुरचुंड्या एकदम सुटल्या की जमिनीवर गारा पडल्यासारखा आवाज होई. 'चार घ्या. आता तीन घ्या. आता एकत्र करा आणि मोजा.' दुपारच्या उन्हात पत्रा तडतडायचा, मुलं ओणवी होऊन पुटपुटत मोजायची, आणि मी रांगांमधून फिरायचो. आयुष्यात पुढे पुष्कळ शिकवलं, पण ते ओणवे माथे मला अजून दिसतात.

त्या मुलांत एक मुलगी होती. खळ्यावरच्या वस्तीवरून यायची. बोलायला कमी, पण उजळणीत पक्की. एक ते शंभर न अडखळता म्हणायची, पाढे तर दुसरीच्या मुलांचे ऐकून ऐकून पाचापर्यंत पाठ. फक्त बेरीज यायची नाही. चार आणि तीन किती विचारलं तर कधी आठ म्हणायची, कधी सहा. सात कधीच नाही.

मी चुकांची वही ठेवत असे. कोणतं गणित कोणाचं चुकलं आणि काय उत्तर आलं, ते त्यात लिहून ठेवायचो. तिच्या नावापुढे उत्तरं वर-खाली होती, कधी एकनं जास्त, कधी एकनं कमी. मी निष्कर्ष काढला की पोरगी अंदाजपंचे सांगते.

"डोळे मिटून सांगतेस का गं?" मी विचारायचो.

"न्हाई गुरुजी. मोजलं."

"मोजलं तर सात का येत नाहीत?"

ती खाली बघायची. पुन्हा मोजायची. पुन्हा आठ.

सत्तरच्या एप्रिलात मी तिला पहिलीत नापास केलं. तेव्हा पहिलीलाही नापास करत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चूक ती चूक. तिचे वडील मात्र जूनमध्ये तिला घेऊन शाळेत आले होते. डोक्यावरचा पटका सारखा करत म्हणाले, "गुरुजी, मी काय तुमाला बोल लावत न्हाई. पर घरी शेरडं हायेत, धाकटं पोरगं हाय. औंदा बघतो. औंदा बी न्हाई जमलं तर मग तिला घरीच ठिवतो. उगं पाटी झिजवून काय उपेग?"

ती शेजारी उभी होती. पुरचुंडी दोन्ही हातांनी धरून.

ते दुसरं वर्षही तसंच गेलं. जादा गणितं दिली, ओरडलो, एकदा मधल्या सुट्टीत बसवून ठेवलं. वही भरत गेली. उत्तर एकनं जास्त, एकनं कमी. मार्च उजाडला. परीक्षेला महिना राहिला तेव्हा मी ठरवलं की वडिलांना आधीच सांगून ठेवावं. ऐनवेळी सांगणं बरं नाही.

रविवारी सकाळी वस्तीवर गेलो. शाळूची मळणी होऊन रास पडली होती. वडील बैलांना पाणी दाखवायला गेले होते. तिची आई राशीपाशी ओणवी होऊन अधोलीनं ज्वारी मापत होती. अधोली म्हणजे दोन शेरांचं माप. आई माप भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची आणि पोत्यात ओतायची. मोजायचं काम लेकीचं. ती पोत्याचं तोंड धरून उभी होती.

"बसा गुरुजी," आई म्हणाली. "एवढं मापून हुतंय. रास मापताना मधी थांबू न्हाई."

मी बाभळीखाली बसलो. ती रास संपली आणि शेजारची नवी सुरू झाली. आईनं पहिली अधोली भरली, पण ती पोत्यात न टाकता बाजूच्या सुपात ओतली. पोरीनं स्वच्छ आवाजात म्हटलं, "लाभ."

मग दुसरी अधोली पोत्यात पडली. पोर म्हणाली, "एक."

तिसरी पडली. "दोन."

मी उठून उभा राहिलो. खळ्यावर पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, हे मला ठाऊक होतं. गावात सगळेच म्हणत. पण इतर खळ्यांवर लाभनंतर थेट 'दोन' म्हणतात, त्यामुळे मोजणी चुकत नाही. या घरी पहिलं माप वेगळं काढत होते आणि मोजणी त्याच्या पुढून सुरू करत होते.

"ती पहिली अधोली मोजत नाही?" मी विचारलं.

आई हसली. "ती देवाची, गुरुजी. देवाचं आपल्यात कसं मोजायचं?"

"आणि ही कधीपासून मोजते?"

"चार वर्साची हुती तवापासून. हिच्याबिगर आमचं खळं हलत न्हाई. चुकत न्हाई कदी."

चुकत नाही कधी. मी तिथंच मातीत बसलो आणि पोरीला जवळ बोलावलं. मूठभर शाळूचे दाणे समोर ठेवले आणि म्हणालो, "चार घे. मोठ्यानं मोज."

"लाभ, एक, दोन, तीन, चार." पाच दाणे.

"आता तीन."

"लाभ, एक, दोन, तीन." चार दाणे.

"आता सगळे."

नऊ दाणे होते. तिनं पहिल्यावर बोट ठेवून 'लाभ' म्हटलं आणि बाकीचे मोजले. आठ.

मग मी स्वतः सात दाणे मांडले आणि मोजायला सांगितलं. लाभ, आणि पुढे सहा.

म्हणजे दाणे तिनं घेतले की उत्तर एकनं जास्त, मी मांडले की एकनं कमी. वर्गात कधी मी मांडायचो, कधी ती. इतकं साधं होतं. उजळणीत मोजायला वस्तू नसते, म्हणून तिथं ती 'एक'पासून म्हणायची आणि मला शंकाही यायची नाही. वर्गाच्या गलक्यात तिचं पुटपुटणं कोण ऐकणार? मी दोन वर्षं तिची उत्तरं लिहिली. तिचं मोजणं एकदाही ऐकलं नव्हतं.

घरी येऊन चुकांची वही काढली आणि तिची पानं पुन्हा तपासली. तीन संख्यांच्या ज्या मोजक्या बेरजा होत्या, त्यांत ती दोननं जास्त सांगत होती. तेही बरोबर बसलं. एकही उत्तर असं निघालं नाही की जे तिच्या मोजणीनं चूक होतं. बायको निवडायला तांदूळ घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे गेल्या वर्षी ती पास होती," ती म्हणाली.

"तिच्या मोजणीनं."

"मग नापास कोण झालं?"

मी वही मिटली. तिनं तांदळातला खडा काढून टाकला.

सोमवारी तिला मधल्या सुट्टीत थांबवलं. या वेळी ओरडलो नाही. म्हणालो, "शाळेत पहिल्या खड्याला 'एक' म्हणायचं."

ती हळूच म्हणाली, "मंग देवाचं?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. 'शाळेत देव नसतो' म्हणणं सोपं होतं, पण ते तिला पटलं नसतं, आणि मलाही तिच्या आईपुढे तसं म्हणता आलं नसतं. मी विचार केला आणि विचारलं, "एका राशीला लाभ किती वेळा म्हणता?"

"येकदाच."

"मग शाळेची रोज एकच रास. सकाळी आलीस की पाटीच्या कोपऱ्यावर एक खडा ठेवायचा. तो देवाचा. त्याला दिवसभर हात लावायचा नाही. बाकी सगळे खडे एकपासून."

तिनं पुरचुंडी सोडली. खडे हातात फिरवून एक पांढरा गुळगुळीत निवडला, पाटीच्या कोपऱ्यात ठेवला, ओठ हलवले. मग चार घेतले, तीन घेतले, एकत्र केले आणि मोजले.

"सात," ती म्हणाली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हा आकडा तिनं कधी ऐकलाच नव्हता.

त्या महिन्यात तिचं एकही गणित चुकलं नाही. तरी मला धास्ती होती. त्या वर्षी पहिलीची तोंडी परीक्षा घ्यायला शेजारच्या मोठ्या गावचे मुख्याध्यापक येणार होते. ते कडक होते आणि आपले चिंचोके स्वतः डबीतून आणायचे. मुलांच्या पुरचुंड्या बाहेर ठेवायला लावायचे.

तिचा नंबर आला. साहेबांनी टेबलावर आठ चिंचोके मांडले आणि थोड्या अंतरावर सहा. "सांग, मिळून किती?"

पोरगी चिंचोक्यांकडे बघत राहिली. त्यातला देवाचा कोणता? सगळे साहेबांचे. पाटी बाहेर, पांढरा खडा बाहेर. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दाराशी उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर काम झालं असतं, पण परीक्षेत बोलायचं नसतं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिलो.

"येत नाही का?" साहेबांनी पेन उचललं.

तिनं खाली वाकून जमिनीच्या सुटलेल्या पोपड्यातला एक मुरमाचा कण उचलला, टेबलाच्या कडेला ठेवला. मग पहिल्या चिंचोक्यावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाली, "एक."

चौदावर थांबली.

"आणि हा कसला खडा?" साहेब म्हणाले. "हा धरला तर पंधरा होतात."

"तो धरायचा न्हाई, गुरुजी. तो देवाचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो, हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही साहेब," मी म्हणालो, "हे तिनं मला शिकवलं."

ते थोडे हसले आणि तिच्या नावापुढे पास लिहिलं. संध्याकाळी मी वडिलांना सांगायला वस्तीवर गेलो. त्यांनी नुसतं "बरं झालं" म्हटलं आणि धाकट्याला हाक मारली, "ए, शेरडं उद्यापासून तू बघायची!"

त्या वर्षी पाऊस नीट झाला नाही, आणि बहात्तरला तर झालाच नाही. शाळेत मुलांना दुष्काळी मदतीची सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, वाटायचं काम आमच्याकडे आलं. किती मुलांना वाटली, तो आकडा नोंदवायचा असे. मी मोजायला तिलाच उभं केलं. ती तेव्हा तिसरीत होती. पहिल्या मुलाच्या वाटीत सुकडी पडली आणि ती म्हणाली, "एक."

मी थांबलो. "आणि लाभ?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या घरचं खळं त्या वर्षी सारवलंसुद्धा नव्हतं.

"ते आपल्या राशीचं असतंय गुरुजी," ती म्हणाली. "हे कुटं आपल्या रानात पिकलंय?" आणि पुढच्या वाटीकडे बघून म्हणाली, "दोन."

ती चौथीपर्यंत शिकली. आमच्या शाळेत तेवढंच होतं. माझी बदली झाली तेव्हा चुकांची वही मी तिथंच चुलीत घातली. त्यानंतर वही ठेवली नाही. मूल मोजायला लागलं की मी शेजारी मांडी घालून बसायचो आणि आधी ऐकायचो.