आठ गावांचा साडू

माझा साडू विलास अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलचा कोच आहे आणि मी पांढरकवड्यात पीटीचा मास्तर आहे, यात जळण्यासारखं काहीच नाही. हे मी बायकोला बारा वर्षांपासून सांगतो आहे.

त्यांचा फुटबॉल म्हणजे सोललेल्या नारळासारखा चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर पडायचं. (आमची कबड्डीची पोरं हेच करतात, तेही हेल्मेट न घालता!) पण या धोंड्याच्या महिन्यात विलास दिग्रसला सासरी आला, आणि थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा, पहिला पाट त्याला मिळाला. पुरणाचे धोंडे आधी त्याच्या ताटात. माझ्यापर्यंत आले तोवर गार झाले होते. मी तसेच गिळले.

जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, अंगणात त्याचा सत्कार ठेवला. सगळी गल्ली जमली. परिचय करून द्यायचं माझ्यावर आलं, कारण घरात मास्तर मीच. मला तेच पाहिजे होतं! विलासनं बारा वर्षांत आठ कॉलेजं बदलली, हे मेहुणीच्या तोंडून गावांच्या नावांसकट निसटलं होतं. आता आमच्याकडे एखाद्या मास्तराची वर्षभरात बदली झाली, की लोक समजून जातात, काहीतरी भानगड आहे. इथं तर आठ! म्हटलं, पाहू दे गल्लीला कोणाला पहिला पाट दिला ते.

मी उभा राहिलो आणि एकेक गाव मोजून सांगितलं. इथून दोन वर्षांत गेले. तिथून एका वर्षात गेले. तिसऱ्या गावाला टाळ्या सुरू झाल्या. लोकांना कळलं नसेल म्हणून मी आवाज चढवला, "तिथूनही गेले!" टाळ्या वाढल्या. सहाव्या गावाला कोणीतरी शिटी मारली. आठव्याला मामाजी डोळे पुसत होते.

शेजारचे गुलाबराव म्हणाले, "आठ जागी बलावलं पोट्ट्याले! अन् मास्तर, तुमी कुठं कुठं गेलते?"

"मी पांढरकवड्यालेच आहो. बावीस वर्षं झाली."

"काहून? कोनी नेत नाई का तुमाले?"

अख्खं अंगण हसलं. सगळ्यात मोठ्यानं माझी बायको.

मग विलास माझ्या पाया पडला आणि कानाशी पुटपुटला, "भाऊजी, पाच जाग्यावरून मले काढून टाकलं होतं. टीम हरून राह्यली होती. तुमी लय सांभाळून घेतलं." म्हणजे माझा संशय खरा होता! पण आता सांगतो कोणाला? त्याला खांद्यावर घेऊन लोक फाटकापर्यंत पोचले होते.

दुसऱ्याच दिवशी मी बदलीचा अर्ज टाकला. अमेरिका राहू द्या, आमच्याच संस्थेची केळापूरची शाळा, सायकलनं जाण्यासारखी. आठवड्यात उत्तर आलं: सरांना आहे तिथंच राहू द्यावं.

तेव्हापासून विलासवर जळणं मी सोडून दिलं आहे. आता मी केळापूरच्या पीटी मास्तरवर जळतो. त्याच्या म्हणे आतापर्यंत तीन बदल्या झाल्या.