टोक मोडलेले बदाम

भिजवून सोललेल्या बदामाचं टोक नखानं मोडायचं, तो कण जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि थांबायचं. मग डोळे उघडून तो बदाम पाट्यावर टाकायचा, नाहीतर सरळ मोरीत भिरकावायचा. वीस बदाम असले तर वीस वेळा. मध्ये कुणी काही विचारलं तर त्या नुसती मान हलवायच्या, आणि कण गिळून झाला की म्हणायच्या, "आधी जीभ, मग पाटा. जरा सबर करा."

परवा फोनवर तुम्ही दोघं मला बदामाचं दूध घरी कसं करायचं ते समजावत होतात. रात्री भिजत घालायचे, मिक्सरमधून फिरवायचे, पिशवीतून गाळायचे. मी सगळं ऐकून घेतलं. तुमची रीत बरोबर आहे. हल्ली बाजारात कडू बदामही सहसा येत नाहीत. तेव्हा मात्र पसाभर बदामांत एखादा असायचाच, दिसायला अगदी इतरांसारखा, आणि एकटा सगळं दूध नासवायचा. तो शोधणाऱ्या बाईंबद्दल मी तुम्हाला कधी सांगितलेलं नाही. त्यांची ही रीत मलाही शेजारच्या काकूंकडून नंतर कळली. त्यांचं नाव सांगता येणार नाही, कारण मी ते कधी विचारलंच नाही. सगळे त्यांना बाईजी म्हणायचे.

तेव्हा आपल्या राज्याचं नाव मध्य भारत होतं. राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. तुमचे आजोबा सचिवालयात होते, त्यामुळे फायलींच्या पेट्यांबरोबर दर हिवाळ्यात तेही इंदूरचं घर सोडून जायचे. त्या वर्षी ते गेले आणि पंधरा दिवसांत माझे सासरे, म्हणजे मामंजी, टायफॉइडने पडले. ताप उतरला, पण माणूस उठेना. गाईचं दूध पोटात ठरत नव्हतं, आणि पेज पाहिली की ते भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टर म्हणाले, आता औषध संपलं, अंगात काहीतरी अन्न गेलं पाहिजे. सासूबाई नव्हत्या. घरात मी होते, माझी इंग्रजी घेऊन मिळवलेली बी.ए. होती आणि शुश्रूषेवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं.

शेजारच्या काकूंनी बाईजींना पाठवलं. त्या जुनी इंदूर या वस्तीतून पायी यायच्या, मागच्या दारानं. त्यांचे यजमान संस्थानच्या रिसाल्यात होते, आणि त्यांनी स्वतः एका सरदारांच्या कोठीत वीस वर्षं ठंडाईच्या पाट्यावर काढली होती. संस्थान विलीन झालं, कोठीतली माणसं कमी झाली, तशा बाईजी घरोघरी वाटायला जाऊ लागल्या. कुणाकडे होळीची ठंडाई, कुणाकडे बाळंतिणीसाठी खसखस, कुणाकडे आजाऱ्यासाठी बदाम आणि मगज, म्हणजे खरबुजाच्या सोललेल्या बिया.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, याला दूध तरी कसं म्हणायचं. त्या वरवंटा न थांबवता इंदुरी ढंगात म्हणाल्या, "गवळी भिया दुधात पाणी घालतो. मी पाण्यातून दूध काढते."

आणि खरंच काढायच्या. पाण्यात बोटं बुडवून थेंब थेंब शिंपायचं आणि वाटायचं. मलमलीतून पिळलेला चोथा परत पाट्यावर यायचा, परत वाटला जायचा. तीन वेळा. खडीसाखर, एक वेलदोडा, आणि विस्तवावर फक्त कोमट होईपर्यंत.

मामंजींनी पहिला कप संपवला आणि तो पोटात राहिला. चौथ्या दिवशी ते उशीला टेकून बसले. आठवड्यानं त्यांनी वर्तमानपत्र मागितलं. पडवीतल्या खाटेवरून ते ओरडून विचारायचे, बाईजी, आज दाट झालंय, काय घातलंत? आतून उत्तर यायचं, "काही नाही दादासाहेब, बदाम चांगल्या घरचे होते."

मी वहीत सगळं लिहायची. किती वाजता, किती आउन्स, ताप किती. एकदा बाईजी माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. वाचता त्यांना येत नव्हतं. म्हणाल्या, "प्यायले ते लिहिता, सूनबाई. हसले ते कुठे लिहिता?"

ती वही अजून माझ्याकडे आहे. तसा रकाना तिच्यात नाही.

सकाळचा तो वेळ माझा मामंजींचं अंग पुसण्यात आणि चादरी बदलण्यात जायचा, त्यामुळे बाईजी काय करतात ते मी नीट पाहिलं नव्हतं. एका सकाळी लवकर मोकळी झाले आणि स्वयंपाकघराच्या दारात आले. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. हात तोंडाकडे जात होता, बदाम पाट्यावर पडत होता, हात पुन्हा तोंडाकडे जात होता.

मी म्हणाले, तोंडाला लागलेलं पाट्यावर नको. आजारी माणसाच्या पोटात जायचं आहे ते.

बाईजी वळल्या. "जिभेवर घेतल्याशिवाय कळेल कसं? कडू एखादा असतोच."

मी म्हणाले, मी सराफा बाजारातल्या चांगल्या किराणा दुकानातून निवडक बदाम आणवीन. आणि मग मी आत जाऊन ते पुस्तक आणलं, जंतूंवरचं पान उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. ज्या बाईला आपली बाराखडीही येत नव्हती, तिच्यासमोर मी इंग्रजी पान धरलं. त्यांनी ते आदरानं पाहिलं. मग म्हणाल्या, "हौ. जशी तुमची मर्जी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोंडाला हात लावला नाही. बोलणंही थांबलं. मामंजींनी पडवीतून काही विचारलं तर नुसतं हूं म्हणायच्या. मी मात्र खूश होते. तुमच्या आजोबांना ग्वाल्हेरला पत्र लिहिलं, की आता घरात सगळं पद्धतशीर चाललं आहे.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मामंजींनी एक मोठा घोट घेतला, तो तोंडातच धरून माझ्याकडे पाहिलं आणि पिकदाणीत टाकला. पाठोपाठ पोटात होतं नव्हतं तेही आलं. जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "आज बाईजी आल्या नव्हत्या का?"

बाईजी मागच्या अंगणात पाटा धूत होत्या. त्यांना ऐकू गेलं. त्या आत आल्या, पदराला हात पुसले आणि कपात करंगळी बुडवून जिभेला लावली. "एकच होता," म्हणाल्या.

करंगळी डाव्या हाताची होती. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. टोक उजव्या हाताच्या नखानं मोडायचं, कण डाव्या हातात घ्यायचा. तोंडाकडे जायचा तो डावाच हात. उजवा पाट्यावरचा, तो त्यांनी कधी ओठांना लावलाच नव्हता, आणि तोंडात गेलेला कण परत येत नव्हता. मी पाठीमागून पाहिलं होतं आणि दोन हातांचा एक हात केला होता.

हे मला तिथे, त्यांच्यासमोर उभी असतानाच समजलं. माझी चूक झाली, तेवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, उद्या जरा लवकर या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी स्वतः बदाम वाटले, एकेक चाखून. मामंजींनी कप नाकाशी नेला आणि परत केला. त्या वासानंच आता त्यांना ढवळून यायचं. मला वाटत होतं, बाईजी त्यांच्याशी दोन शब्द बोलल्या असत्या, तर त्यांनी घेतलं असतं. जुनी इंदूर काही लांब नव्हतं, टांगा करून अर्ध्या तासात जाऊन आले असते. पण मी म्हटलं, येतील त्यांच्या त्या. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. मामंजी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. मी तार केली, तुमचे आजोबा आले. पौषात मामंजी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं, दुधानं काही फरक पडला नसता. मी त्यांचं वाक्य तारखेसकट वहीत लिहून ठेवलं.

मामंजी गेल्याच्या नवव्या दिवशी दुपारी मागचं दार वाजलं. बाईजी होत्या. कडू बदाम निघाला त्या सकाळी त्या आमच्याकडून घरी पोचल्या तोच देपालपूरहून निरोप आलेला होता, लेक अडली आहे म्हणून. त्या तशाच निघाल्या होत्या. आज सकाळीच परतल्या होत्या आणि आमच्याकडचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. म्हणजे रागावून त्या गेल्याच नव्हत्या.

दारातच उभ्या राहून त्यांनी पदराची गाठ सोडली. आत बदाम होते, सालीसकट, कोरडे. "घरूनच चाखून आणलेत," त्या म्हणाल्या. "अडकित्त्यानं टोकं उडवली. तुम्ही भिजवून वाटा, सूनबाई. मग तुम्हाला बघायला नको."

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. पडवीतली खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

मग त्या अंगणात गेल्या, पाटा आडवा केला, ओंजळ त्यावर हलकेच रिकामी केली आणि आल्या तशा गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. चैत्रात मी एकदाची जुनी इंदूरला गेले, तर खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. लेकीकडे कायमच्या गेल्या म्हणाले.

त्या दुपारी मी अंगणात जाऊन पाट्यापाशी बसले आणि सवयीनं बदाम मोजले. वीस होते. प्रत्येकाचं टोक मोडलेलं, आणि तिथे आतला पांढरा गर दिसत होता.