घरात राहिलेला आकडा

न्हावऱ्याच्या नेत्रशिबिरात दोनशे जण तपासले, आंधळं एकही निघालं नाही. फीत कापणाऱ्या हौसरावआप्पांनी माईकवर सांगून टाकलं, "गावाची नजर शाबूत हाय!"

बारा वर्षं गावोगाव डोळे तपासत फिरलेली शिरूरची गौतमी उखडली. "आप्पा, ज्याला दिसतच न्हाई तो इथवर येईल कसा? खरा आकडा घरात बसलाय. उद्या घरोघरी फिरून मी मोजते."

सकाळी तिनं पहिलंच दार हौसरावांचं वाजवलं.

ते हसले. "आमच्यात सगळे धडधाकट. आई तर अजून शेंगा फोडती."

गौतमीनं ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या साखरबाईंसमोर तीन बोटं धरली. "आजी, किती बोटं हायेत?"

साखरबाईंचे हात थांबले. "कुठं धरलीस, बाई?"