मालकाशी संपर्क साधा

शनिवारी सकाळी कार्ल्यात, माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगणात, मी ब्रेकवर पाय ठेवून गाडीचं बटण दाबलं आणि पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. गाडी सुरू करण्याची परवानगी नाही. मालकाशी संपर्क साधा.

मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरसीवर माझं नाव, विम्यावर माझं नाव, आणि संपर्क मी कुणाशी साधायचा?

मागच्या सीटवर आक्का बसली होती. तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी आठ वाजता तळेगावच्या हॉस्पिटलात तिचं डायलिसिस असतं. तिथे मशीनं मोजकी आणि पेशंट भरपूर. उशीर झाला की आपल्या वेळेतून तो कापला जातो, कारण पुढचा माणूस दारात उभा असतो.

खरं तर ही गाडी मी तिच्यासाठीच घेतली. तळेगावच्या कारखान्यात आयुष्यभर माल तपासण्याचं काम करून निवृत्त झाले, तेव्हा सोसायटीतल्या लोकांना वाटलं बाई आता एकवीरेच्या पायथ्याला प्लॉट घेणार. मी बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी, बैलगाडीएवढी उंच, महागडी गाडी घेतली. लोकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. सीट अशा उंचीवर की आक्काला गुडघा न वाकवता बसता येतं. डायलिसिसनंतर तिला डिझेलच्या वासानेच उलटी होते, इंजिनची थरथर सोसत नाही. ही गाडी हळू असली की बॅटरीवर जाते, मग आवाज नाही, थरथर नाही. पाठ मागे पाडता येते, सीट गरम करता येते. मशीनवरून उठली की आक्काला हुडहुडी भरते, त्या दिवशी मी ती सीट भर उन्हाळ्यातही गरम करते.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूममध्ये तमाशाच होता. गाडीवर लाल कापड, चाकांखाली लिंबं, दारासारखी मोठी पुठ्ठ्याची किल्ली आणि हातात नारळ. मी म्हटलं, आम्ही बौद्ध आहोत, नारळ फोडत नाही, मला बटणं दाखवा. सेल्समन म्हणाला, मॅडम, फोटोपुरता तरी. तो आग्रह करतोय, मी नकार देतेय, आणि त्याच गडबडीत दुसऱ्याने फॉर्म पुढे करून मोबाईल नंबर विचारला. माझ्या तोंडून नंबर निघाला तो मुलाचा.

का? कारण मी सगळीकडे त्याचाच नंबर देते. गॅसला त्याचा, बँकेला त्याचा, वीजबिलाला त्याचा. ओटीपी आला की तो बघेल, ही आम्हा आयांची सवय. मुलगा बंगळुरूला, गॅस तळेगावात, आणि सिलेंडरवाला दारात उभा असताना मी त्याला फोन करून चार आकडे विचारते. कारखान्यात एका स्क्रूचा नंबर चुकला तर अख्खी पेटी परत पाठवणारी मी, स्वतःच्या फॉर्मवर नीट पाहिलं नाही. या मूर्खपणाचा राग मला अजून आहे, आणि तो आधी माझ्यावर आहे.

नारळ मी घरी नेला आणि चटणी केली.

मग गाडी शिकायला बसले. पुस्तक पाचशे पानांचं. मी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचलं. गाडी पट्ट्याबाहेर गेली की स्टेअरिंग आपोआप मागे ओढतं, समोर काही आलं की ब्रेक आपोआप लागतो. छापलेलं सगळं खरं, पण ज्याने छापलं तो जुन्या हायवेवर कधी आला नसावा. कामशेतच्या खिंडीत म्हशी रस्त्यात बसतात. मी त्यांना वळसा घालायला जाते आणि स्टेअरिंग मला पुन्हा म्हशींकडे ओढतं. चिक्कीच्या दुकानाकडे पळत सुटलेला पर्यटक आडवा आला की गाडी जागच्या जागी थांबते, आणि मागचा ट्रकवाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. महिनाभर भांडून मी ठरवलं, कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं बंद. आक्का मागून म्हणायची, "लय बोलती गं तुजी गाडी. जरा गप बस म्हनावं तिला." मी ते टुंगटुंगही बंद केलं.

त्याच सुमाराला मुलाचे फोन यायला लागले. "आई, आज कामशेतजवळ जोरात ब्रेक मारलास." "आई, लेन वॉर्निंग का बंद केलीस?" मला वाटलं कुणीतरी चुगली करतंय. चुगली गाडी करत होती. ज्याचा नंबर तो मालक, आणि मी गाडीच्या हिशेबी नुसती चालवणारी. त्याच्या फोनवर माझा प्रत्येक ब्रेक जात होता. शनिवारी-रविवारी लोणावळ्याला गर्दी असते, गाडी काढू नकोस, असं त्याने दोनदा बजावलं. मी म्हटलं, मशीनला सुट्टी नसते. त्याने ऐकलं असं मला वाटलं. ऐकलं नव्हतं. त्या शनिवारी मी कार्ल्यात पोचून गाडी बंद केली, आक्काला हाताला धरून आणेपर्यंत त्याने बंगळुरूत बसून फोनवर एक बटण दाबलं होतं.

मी त्याला सात फोन लावले. साहेब कुठल्याशा टेकडीवर सायकल चालवत होते, फोन पाठीवरच्या पिशवीत.

आक्काने विचारलं, "काय झालं गं?"

"गाडी सुरू होत नाही. त्याने तिकडून बंद केलीय."

"गाडी कुनाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"मंग ती त्याचं का आयकती?"

या प्रश्नावर मला रडू आलं. उत्तर पाचशे पानांत कुठेच नव्हतं.

शेजाऱ्याचा दुधाचा टेम्पो निघाला होता. ड्रायव्हरच्या शेजारी आक्काला बसवलं, मी तिच्या अंगाला अंग लावून. डिझेलचा वास, कॅनचा खडखडाट. वडगावच्या अलीकडे ती दोनदा ओकली आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, माफ करा हां." माफी तिने मागायची! हॉस्पिटलात पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. चार तासांच्या जागी तिला अडीच तास मिळाले. त्या संध्याकाळी तिचे पाय सुजले, रात्री तिला आडवं पडून श्वास घेता येईना. मी तिच्या घरी थांबले. ती रात्रभर भिंतीला टेकून बसली होती आणि मी मनातल्या मनात मुलाला शिव्या घालत होते.

पहाटे बटण दाबलं, गाडी सुरू झाली. परवानगी मिळाली होती. दिवसभर त्याचे तीन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत.

सोमवारी सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधीच दारात होते. काउंटरवरची मुलगी बिचारी नम्र. म्हणाली, "मॅडम, मुख्य वापरकर्ता बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जाईल." म्हणजे स्वतःच्या गाडीची मालकी मला मुलाकडून मागून घ्यायची होती. मी तिच्यासमोरच फोन लावला.

"आई, मी तुझ्या काळजीपोटीच केलं. थोडा वेळच ब्लॉक करणार होतो. तुला काही झालं असतं तर?"

"मला काही झालं नाही. आक्काला झालं. ते कळवलं का तुला गाडीने?"

तो म्हणाला, "बरं, निदान मला दुसरा यूजर म्हणून तरी ठेव."

"नाही. आकडे सांग."

"आई..."

"आकडे सांग. काउंटरवर रांग लागलीय."

त्याने सहा आकडे सांगितले, एकेक करून, जड आवाजात. मुलीने ते टाकले आणि माझा नंबर चढवला. या वेळी मी तो पडद्यावर दोनदा वाचला. बाहेर येऊन गाडीत बसले आणि बटण दाबलं, रागानेच.

मंगळवारी आठला दहा मिनिटं कमी असताना आक्का मशीनवर होती. चार तास पूर्ण झाले.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी घरी आहे की रस्त्यावर, हे आता त्याला दिसत नव्हतं. मग त्याने विचारलं, "मावशी कशी आहे?"

इतक्या महिन्यांत त्याने हे पहिल्यांदा विचारलं. मी सांगितलं. तिच्या पायांबद्दल, श्वासाबद्दल, टेम्पोतल्या उलट्यांबद्दल, सगळं सांगितलं, आणि रागातच सांगितलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.